आपल्या मतदारसंघाचा इतिहास कसा जुळवायचा : सांगलीचं उदाहरण घेऊन

निवडणूक लागली की माझ्या डीटीपीच्या दुकानात स्लिपा आणि पत्रकांसोबत एक काम हमखास येतं : "तात्या, मागच्या तीन-चार निवडणुकांचं बूथवार काढून द्या की." सगळ्यांना ते रात्रीतून हवं असतं. त्यापेक्षा निवांत वेळी ज्यानं त्यानं आपल्या मतदारसंघाची फाईल स्वतःच तयार करावी. मी सांगलीची कशी करतो ते सांगतो, तुम्ही तुमच्या गावाला लावा.

नेटवर विजेत्यांची यादी दोन मिनिटांत सापडते. ती बाजूला ठेवा आणि आधी हद्द काढा. आज आपण 282 सांगली म्हणतो तो मतदारसंघ 2008 च्या फेररचनेतला. ती 2001 च्या जनगणनेवर झाली आणि विधानसभेला पहिल्यांदा 2009 मध्ये लागू झाली. त्यात शेजारचं मिरज अनुसूचित जातीसाठी राखीव झालं. कसबे डिग्रज, दुधगाव ही गावं तालुक्यानं मिरजेची, बाजाराला सांगलीची, पण आमदार निवडतात इस्लामपूरचा. 1998 साली सांगली-मिरज-कुपवाड महानगरपालिका एक झाली, तरी सांगली आणि मिरज शहरांचे आमदार वेगळेच आहेत. म्हणून 'शहराचा कौल' असं वाक्य लिहिण्याआधी कुठलं शहर ते ठरवा.

त्याच्या मागची फेररचना 1976 ची. विधानसभेच्या 264 जागा 1962 ला होत्या, 1967 ला 270 झाल्या आणि 1978 पासून 288 आहेत. जागा बदलल्या की रेषा बदलतात. त्यामुळं माझ्या वहीत 1978 ते 2004 हा एक गट आणि 2009 पासून दुसरा. 2004 च्या मतांशी 2009 ची मतं लावून "इतकी घटली" म्हणणारा माणूस दोन वेगळ्या पोत्यांचं वजन करतोय. आणखी मागं जायचं असेल तर जुन्या कागदांत 'सांगली जिल्हा' शोधत बसू नका. 1960 पर्यंत त्याचं नाव दक्षिण सातारा होतं.

हद्द झाली की निकाल. निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर प्रत्येक सार्वत्रिक निवडणुकीचा सांख्यिकी अहवाल फुकट मिळतो. उमेदवार, पक्ष, मतं, मतदारसंख्या सगळं त्यात असतं. नसते ती पोटनिवडणूक, आणि सांगलीत सगळी गोम तिथंच आहे. अहवालात 1985 ला वसंतदादा पाटील दिसतात आणि 1990 ला एकदम जनता दलाचे संभाजी पवार. वाचणाऱ्याला वाटतं, पाच वर्षांनी वारं फिरलं. प्रत्यक्षात दादा 1985 च्या शेवटी राजस्थानचे राज्यपाल झाले, जागा मोकळी झाली आणि 1986 च्या पोटनिवडणुकीत दादांच्याच घरातल्या विष्णुअण्णा पाटलांना जनता पक्षाच्या पवारांनी पाडलं. बिजली मल्ल म्हणून तालमीत गाजलेला पैलवान दादांच्या बालेकिल्ल्यात आमदार झाला, आणि अहवालांच्या गठ्ठ्यात त्या निवडणुकीची ओळही नाही! दोन निवडणुकांच्या मधे कोण वारलं, कोण राज्यपाल किंवा खासदार झालं, हे वर्तमानपत्रांच्या जुन्या फाईलींतून तपासाच.

नावांचा घोळ आमच्याकडं विशेष. 'वसंतदादा' शोधाल तर काही सापडणार नाही, ते 'वसंतराव बंडूजी पाटील' असतात. पाटील तर प्रत्येक निवडणुकीत. 2019 आणि 2024 ला काँग्रेसकडून लढलेले पृथ्वीराज पाटील वेगळे आणि संभाजी पवारांचे चिरंजीव पृथ्वीराज पवार वेगळे. वर शेजारच्या जिल्ह्यात पृथ्वीराज चव्हाण आहेतच. प्रत्येक नावापुढं वडिलांचं किंवा घराचं नाव लिहायची शिस्त ठेवा.

पक्षाच्या रकान्यावरही आंधळा विश्वास नको. 1980 ला 'काँग्रेस (आय)' आणि 1985 ला नुसती 'काँग्रेस', पण घर तेच. 'अपक्ष' हा तर फसवा शब्द. 2004 ला इथून अपक्ष निवडून आलेले मदन पाटील त्याआधी काँग्रेसचे दोनदा खासदार होते. म्हणून मी शेजारी एक रकाना करतो : मूळ कुणाचा? त्याचा उपयोग लगेच दिसतो. 2024 ला काँग्रेसच्या जयश्री पाटील बंडखोर म्हणून उभ्या राहिल्या. पृथ्वीराज पाटील पडले ते बंडखोरीमुळंच, असं कट्ट्यावर आजही ठासून सांगतात. पण भाजपच्या सुधीर गाडगीळांचं लीड 36 हजारांवर होतं आणि बंडखोर मतं 32 हजारांच्या आसपास. सगळी जोडली तरी लीड तुटत नाही. बंडखोरीनं प्रचाराची हवा गेली असेल, तो वादाचा मुद्दा आहे. 2019 ला याच दोघांत फरक सात हजारांच्या आत होता, तिथं मात्र असा हिशेब मांडण्यात अर्थ होता.

टक्केवारीचं थोडक्यात. 1985 नंतर 1990 ला मतदार एकदम वाढलेले दिसले तर दचकू नका, मधे मतदानाचं वय 21 वरून 18 झालं. 'नोटा' विधानसभेला 2014 पासून.

आता खरा माल, म्हणजे नमुना 20. केंद्रवार मतांचा हा तक्ता राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. अलीकडच्या निवडणुकांचा सहज सापडतो. पान बऱ्याचदा आडवं स्कॅन केलेलं, शिक्का नेमका आकड्यावर. यंत्रानं वाचून घेतलं तर 1 चा 7 होतो, त्यामुळं मी हातानंच टाईप करतो. ओळीत केंद्र क्रमांक, मग एकेका उमेदवाराची मतं, वैध मतं, नोटा, एकूण. प्रत्येक पानाची बेरीज तिथंच करा. टपाली मतं तळाला वेगळी असतात, ती विसरली की शेवटची बेरीज बसत नाही आणि माणूस तासभर डोकं धरून बसतो.

एक सावधगिरी. केंद्राचे क्रमांक निवडणुकीगणिक सरकतात. मतदार वाढले की केंद्र फोडतात आणि पुढचे सगळे आकडे हलतात. 2014 चं 45 आणि 2019 चं 45 एकच धरू नका. मतदार यादीच्या पहिल्या पानावर केंद्राचा पत्ता आणि भागातल्या गल्ल्या असतात, त्यावरून जोडा. शाळेचं नाव, खोली क्रमांक, मग गल्ली. विश्रामबाग आणि गावभाग असे पट्टे पाडले की कुठं कुणाला लीड होतं ते दिसायला लागतं.

जुन्या काळासाठी नमुना 20 हाती लागणं कठीण. तिथं वयस्कर माणसांकडं जा, पण साल विचारू नका, चिन्ह विचारा. बैलजोडी म्हणाले तर काँग्रेस फुटण्याआधीचं, गाय-वासरू म्हणाले तर 1971 किंवा त्यानंतरचं, पंजा म्हणाले तर 1978 किंवा त्यापुढचं. चक्र म्हणाले तर संभाजी पवारांचं जनता दल. मग ते साल अहवालाशी ताडून बघा. लीडचे आकडे मात्र त्यांच्याकडून घेऊ नका. पारावर लीड दरवर्षी वाढतं.

महापालिकेचे निकाल याच तक्त्यात कोंबायचा मोह होईल. त्यांची फाईल वेगळी करा. ती निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, प्रभागांच्या रेषा वेगळ्या असतात, आणि बरेच मतदार तर मिरज मतदारसंघातले निघतील.