माळावरचं गवत कापताय? चौथाई उभं ठेवा (सप्टेंबर ते नोव्हेंबर)

सोलापूर, अहिल्यानगर, मराठवाडा आणि पुण्याच्या पूर्वेकडच्या तालुक्यांत या दिवसांत मारवेल, पवना, शेडा, डोंगरी, कुसळी ही गवतं फुलोऱ्यात येतात. सातबाऱ्यावर पोटखराब (लागवडीलायक नसलेला) म्हणून पडलेला माळाचा तुकडा पेरणी-खताशिवाय वैरण देतो. तो टिकवायचा तर कापणीत थोडी शिस्त हवी.

निम्मी ताटं फुलोऱ्यात आली की विळा लावा. बुडखा चार बोटं राखा, म्हणजे ठोंब पुन्हा फुटतो. दिवाळीनंतर कापलं तर भारे भरतात, पण कस गेलेला असतो. कुसळीला तर उशीर चालतच नाही. पिकलेलं एक कुसळ हातावर घेऊन त्यावर पाण्याचा थेंब सोडा. शेपटीचा पीळ सुटून ते गरगर फिरायला लागतं. बी मातीत शिरतं ते असंच, आणि मेंढीच्या कातडीत रुततं तेही असंच. तेव्हा कुसळं धरायच्या आत हे गवत घरी आलेलं बरं.

सगळा माळ मात्र एकदम भादरू नका. चौथा हिस्सा बी झडेपर्यंत उभा ठेवा आणि दरवर्षी जागा बदला. लावे, चंडोल, टिटव्या जमिनीवरच अंडी घालतात. माळढोक तर बहुधा एकच. घरटं दिसलं तर भोवतीचं गवत सोडून द्या. कापणी मधून सुरू करून कडेला या, म्हणजे ससे आणि पिल्लं बाहेर पळू शकतात. कडेनं आत गेलात तर ती मधेच कोंडतात.

राखलेल्या हिश्श्यातून बियाणं घ्या. कणसं पिवळसर होऊन बी हलक्या हाताला सुटू लागलं की ओरबाडून घ्या, सावलीत वाळवा, कापडी पिशवीत ठेवा. ताजं बी नीट उगवत नाही, त्यामुळे पेरणीची घाई नको. पुढच्या जूनमध्ये एकरी दोन-अडीच किलो, बारीक मातीत कालवून फोका. खोल गेलं तर वाया गेलं.

माळ मोकळा दिसला की खड्डे खणून झाडं लावायची टूम निघते. फोटो छान येतात, पण गवत सावलीत मरतं. नान्नज, रेहेकुरी, सुप्याचं मयूरेश्वर ही अभयारण्यं बघा. माळढोक, काळवीट, चिंकारा यांना मोकळं रानच लागतं. झाडं बांधावर लावा, विहिरीजवळ लावा.

वणवा लावल्यानं गवत जोमानं येतं असं सांगणारे भेटतील. त्यांच्या नादी लागू नका. झडलेलं बी त्यात जळतं. गंजीभोवती दहा फूट पट्टा साफ ठेवा.

बी झडल्यावर मेंढरं खुशाल येऊ द्या. धनगरांच्या वाड्याशी (मुक्कामाच्या तळाशी) तारखा आधीच बोलून घ्या, आणि खतासाठी शेतात मेंढरं बसवायचंही त्याच बैठकीत ठरवा. गाजरगवत मात्र फुलायच्या आत, ओल आहे तोवर, हातमोजे घालून मुळासकट उपटा.