अमली पदार्थ घेणाऱ्या कर्मचाऱ्यावर विभागीय कारवाई कशी करावी

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ नुसार शासकीय कर्मचाऱ्याने मादक पेये व अमली पदार्थांविषयीच्या कायद्याचे पालन केले पाहिजे आणि कर्तव्यावर असताना नशेत असता कामा नये. या दोन स्वतंत्र कसुरी आहेत. दोषारोपपत्रात त्या एकाच बाबीत कोंबल्या की चौकशीत प्रकरण लंगडे पडते. गांजाचे अंश लघवीत कित्येक दिवस आढळू शकतात. त्यामुळे अहवालावरून सेवन दिसले, तरी त्या दिवशी सकाळी अकराला तो टेबलाशी नशेत बसला होता, हे त्यावरून ठरत नाही.

त्यासाठी पंचनामा हवा. ‘नशेत आढळला’ एवढे लिहून भागत नाही. चाल कशी होती, प्रश्नांना उत्तरे कशी दिली, वेळ काय होती, हे दोन साक्षीदारांच्या सह्यांनिशी तिथल्या तिथे नोंदवावे. मग विनाविलंब शासकीय रुग्णालयात तपासणी करून घ्यावी आणि नमुना त्याच्यासमक्ष मोहोरबंद व्हावा. सुरू असलेल्या औषधांची नोंद नमुना घेण्याआधीच करावी, कारण कोडीनयुक्त खोकल्याच्या औषधानेही अफूजन्य पदार्थांची चाचणी सकारात्मक येऊ शकते. त्याने तपासणीस नकार दिल्यास जबरदस्ती न करता नकार लेखी नोंदवावा. पुडी सापडलीच, तर तिला हात न लावता पोलिसांना बोलवावे.

अटक होऊन कोठडी अठ्ठेचाळीस तासांपेक्षा अधिक लांबल्यास महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधील नियम ४ अन्वये निलंबन मानीव ठरते, म्हणजे निलंबन झाले असे मानले जाते. मात्र निलंबित करून फाइल बासनात ठेवणे महागात पडते. तीन महिन्यांत दोषारोपपत्र न दिल्यास निलंबन पुढे चालू ठेवता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये सांगितले आहे. मोठ्या शिक्षेसाठी याच नियमांतील नियम ८ ची चौकशी करावी लागते, तर किरकोळ शिक्षेस नियम १० पुरतो. फौजदारी खटल्याच्या निकालाची वाट पाहण्याचे सहसा कारण नसते. दोषसिद्धी झाल्यास नियम १३ ची विशेष कार्यपद्धती उपलब्ध आहे.

कर्मचारी आपणहून उपचारांस तयार असेल, तर अमली पदार्थांविषयीच्या केंद्रीय कायद्याचे (एनडीपीएस) कलम ६४-अ पाहावे. मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेणाऱ्या व्यसनाधीनाला सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात त्यामुळे खटल्यापासून संरक्षण मिळते. विभागीय कारवाई त्याने थांबत नाही. तरीही शिक्षा ठरवताना ही बाब विचारात घेऊन आदेशात तशी कारणे नमूद करावीत.