मुलांना मणिभवन दाखवायचं असेल तर

नववीच्या मुलांना मणिभवनला नेण्याआधी मी वर्गात एवढंच सांगते: गांधीजी मुंबईत आले की ज्यांच्याकडे उतरायचे, त्यांच्या घरी आपण जाणार आहोत. घर रेवाशंकर जगजीवन झवेरींचं. १९१७ ते १९३४ या काळात गांधीजींचा मुंबईतला मुक्काम बहुतेक इथेच असे. आज तिथे गांधी संग्रहालय आहे, ते चालवणाऱ्या संस्थेचा कारभारही तिथूनच चालतो.

ग्रँट रोडला पश्चिमेला उतरा आणि नाना चौकातून चालत गावदेवीतल्या लॅबर्नम रोडवर या. मोठा वर्ग असेल तर आधी फोन करून वेळ घ्या. सगळी मुलं एकदम वर नेऊ नका. निम्मी तळमजल्यावर ग्रंथालयापाशी थांबवा.

पहिल्या तुकडीला थेट दुसऱ्या मजल्यावर न्या. काचेपलीकडे गांधीजींची खोली दिसते. जमिनीवर अंथरलेली गादी, बुटकं मेज, चरखे. इथे घाई करू नका. मुलांना नीट बघू द्या, मग १९१९ची हकिगत सांगा. गांधीजी मोठ्या आजारातून उठत होते, अंगात त्राण नव्हतं आणि दूध न घेण्याचं व्रत होतं. कस्तुरबांनी तोड काढली: व्रत घेताना मनात गाय-म्हैस होती ना, मग शेळीचं दूध का चालू नये? ते त्यांनी मानलं. कापूस पिंजणंही ते याच घरात एका पिंजाऱ्याकडून शिकले. आणि त्याच वर्षी ७ एप्रिलला रौलट कायद्याविरुद्ध, सरकारदरबारी नोंदणी न करता, ‘सत्याग्रही’ पत्रक निघालं. एवढ्याशा खोलीत राहणाऱ्या माणसाची सरकारला धास्ती का वाटावी, हा प्रश्न मुलं आपणहून विचारतात. तेव्हा ४ जानेवारी १९३२ची पहाट सांगा: गच्चीवरच्या तंबूतून पोलिसांनी त्यांना अटक करून नेलं.

गांधीजींच्या आयुष्यावरचे बाहुल्यांचे देखावे याच मजल्यावर आहेत. ते मुद्दाम शेवटी ठेवा. आधी दाखवले तर मुलं तिथेच रमतात आणि खोलीकडे नुसती नजर टाकून पुढे सरकतात.

गांधीजींनी २३ जुलै १९३९ रोजी हिटलरला लिहिलेलं पत्रही इथे लावलेलं आहे. एखाद्या खणखणीत आवाजाच्या मुलीला ते वाचायला लावा. ‘प्रिय मित्र’ ऐकताच वर्गात कुजबुज सुरू होते. ती थांबवू नका, तिथल्या तिथे बोलू द्या.

परतताना ऑगस्ट क्रांती मैदान वाटेतच लागतं. ८ ऑगस्ट १९४२ची सभा कुठे झाली ते दाखवा, आणि डबे तिथेच उघडा.