तीनशे वर्षांची नायिका: अमर चेटकिणीची प्रेमकथा कशी लिहावी

अमर नायिकेची प्रेमकथा लिहायला बसलेले बहुतेक जण आधी जादू ठरवतात. तिचे डोळे कसे चमकतात, मंत्र कोणता, अमावास्येला काय होतं. तिथून सुरुवात करू नका. आधी ठरवा की तिनं काय केलं तर कुणाला काय भोगावं लागतं. जिला मरण नाही तिच्यासाठी वाचकाचा जीव कधीच वरखाली होत नाही. तो होतो तिच्या माणसासाठी. म्हणून जादूची किंमत त्याच्या आयुष्यातून वळती झाली पाहिजे.

त्यासाठी रक्ताच्या शपथा आणि परदेशी शाप आणायची गरज नाही. बायकोनं नवऱ्याचं नाव घेतलं तर त्याचं आयुष्य घटतं, ही समजूत आपल्या आज्या-पणज्यांनी जन्मभर पाळली. ती शब्दशः खरी माना. नायिकेनं त्याचं नाव उच्चारलं की त्याची सात वर्षं गेली. एवढ्या एका नियमावर कादंबरी उभी राहते, कारण आता तिची प्रत्येक साधी हाक जपून मारलेली असते. नाव पूर्ण कादंबरीत तीनदाच येऊ द्या. एकदा अजाणता, नियम कळायच्या आधी. एकदा नाइलाजानं, पुराच्या पाण्यात दुसरी कुठलीही हाक त्याच्यापर्यंत पोचत नाही तेव्हा. आणि एकदा त्यानं स्वतः मागितलं म्हणून.

दुसरा नियम शरीराचा: वय चोवीसला थांबलंय, पण भूक, ताप, जखम, बाळंतपण सगळं इतरांसारखं. तिसरा नियम शक्तीचा: दुसऱ्याचं दुखणं ती स्वतःवर ओढून घेऊ शकते आणि ते जितके दिवस त्याला राहिलं असतं तितके दिवस तिला भोगावं लागतं. बस्स. तीनच नियम एका कागदावर लिहून टेबलासमोर चिकटवा. विसाव्या प्रकरणात नायक अडकला म्हणून चौथी शक्ती काढली की वाचक तिथेच पुस्तक मिटतो, आणि त्याचं काही चुकत नाही. अडचण सुटत नसेल तर अडचण बदला, नियम नको.

सात फुलोरे

लांबलचक काळाचं काय करायचं हा या प्रकारातला सगळ्यात अवघड प्रश्न, आणि साताऱ्याच्या लेखकाला त्याचं उत्तर घराजवळ मिळतं. कास पठारावरची टोपली कारवी सात वर्षांतून एकदा फुलते. कादंबरीचे सात भाग करा, प्रत्येक भाग एका फुलोऱ्याचा. पहिल्या भागात नायक २५ वर्षांचा, मग ३२, ३९, ४६, ५३, ६० आणि शेवटी ६७. ती प्रत्येक वेळी चोवीसच. मधल्या वर्षांचा गोषवारा लिहायची गरज उरत नाही. त्याचे केस, चष्मा, गुडघ्यावर हात ठेवून बसणं, यांतून वर्षं दिसतात. शेवटचा फुलोरा कधी झाला ते स्थानिकांना आणि वनखात्याच्या लोकांना विचारून पक्कं करा, मग सात-सातनं मागे मोजत जा. साल मनानं टाकलंत तर साताऱ्याचा वाचक लगेच पकडेल. हंगाम साधारण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. धुकं आणि भुरभुर पाऊस गृहीत धरा. २०१२ मध्ये पश्चिम घाट जागतिक वारसा यादीत आला, त्यात कास आहे. आज तिथे गर्दी असते आणि प्रवेशावर नियंत्रणही आहे, त्यामुळे पहिल्या भागातला निर्मनुष्य एकांत सातव्या भागात मिळणार नाही. हा फरक वापरा.

आता खरी गोष्ट: या सात टप्प्यांत त्यांच्या नात्याला लोक काय म्हणतात? पंचविशीत ती बायको. बत्तिशीत शेजारणी म्हणतात, हिनं अंग छान राखलंय. एकोणचाळिसाव्या वर्षी कुजबूज सुरू होते, ही दुसरेपणाची असणार. तिथे गाव बदलायला लागतं. नव्या गावात ती भाची होते, सेहेचाळिसाव्या वर्षी लेक, साठीत नात. म्हणजे चारचौघांत तिला त्याला ‘मामा’, ‘बाबा’, ‘आजोबा’ म्हणावं लागतं आणि त्याला तिला ‘बाळ’. नाव तर ती घेऊच शकत नाही. उरतं फक्त बंद दाराआडचं ‘अहो’. या प्रकारच्या कथेत प्रेमाचे प्रसंग चंद्रप्रकाशात कमी आणि अशा जागी जास्त घडतात:

शेजारीण उंबऱ्यात होती तोवर ती म्हणाली, “आजोबा, गोळी घेतलीत का?”
“घेतो बाळ.”
शेजारीण जिना उतरली. तिनं दार लोटलं, पाण्याचा तांब्या त्याच्यापुढं ठेवला.
“अहो, घ्या की आता.”

यात जादूचा एक शब्दही नाही. असे प्रसंग प्रत्येक भागात निदान दोन हवेत. आणि त्याला राग येऊ द्या. आपलं शरीर थकतंय आणि हिचं नाही, यावर कधीच न चिडणारा नायक कागदी वाटतो.

तिची आधीची माणसंही दडवू नका. तीनशे वर्षांत ती ४२ वेळा फुलोरा पाहते. एवढ्या काळात हा पहिलाच पुरुष असं म्हणणं खोटं ठरतं. दोन पुरेत. एखादा १८४३ मध्ये सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या पहिल्या नाट्यप्रयोगाला तिला घेऊन गेलेला असावा, जिथे बायकांची सोंगंही पुरुषच घेत होते. त्याच्याविषयी दीड पान लिहा आणि पुढे चला.

खतावणी

लिहायला घेण्याआधी एक तक्ता भरा. रकाने असे: इसवी सन, शके, गाव, तिचं त्या वेळचं नाव, हातातले कागद, सोबत कोण, काय गमावलं. चैत्र पाडव्यापासून डिसेंबरअखेरपर्यंत सनातून ७८ वजा करा, जानेवारीपासून पाडव्यापर्यंत ७९. साताऱ्याजवळच्या लिंब गावातल्या बारा मोटांच्या विहिरीचं काम १७१९ ते १७२४, म्हणजे शके १६४१ ते १६४६ असं झालं. विरूबाई भोसले यांनी ती बांधवली. नायिकेचा जन्म त्या कामाच्या वेळचा धरला तर हिशेब सोपा होतो आणि विहिरीच्या पोटातला लहानसा महाल तिच्या बालपणाला मिळतो. पुढचे ठळक थांबे: १८४८ मध्ये साताऱ्याचं राज्य खालसा, १८९६ नंतरची प्लेगची वर्षं, १९४२ नंतरचं प्रतिसरकार, १९७२चा दुष्काळ. सगळे वापरू नका. तीन निवडा. प्रत्येक ऐतिहासिक घटनेला नायिका हजर असली की ती माणूस न राहता सनावळी होते.

कागदांचा रकाना आळस न करता भरा, कारण आजच्या भागांतला थरार तिथूनच येतो. जुन्या काळी गाव बदललं की नाव बदलता यायचं. कोयना धरणानं गावं उठवली, लोक नव्या वसाहतींत गेले. तिथे कोण कुणाची, हे विचारणारे जुने शेजारी विखुरलेले. नंतर जमीन हा फास होतो. सातबाऱ्यावर तिचं नाव असेल तर वय मोजलं जातं, वारसनोंद करायची तर मृत्यूचा दाखला लागतो, आणि फेरफाराची नोटीस निघाली की भावकीतला कुणीतरी हरकत घेतो. २०१० मध्ये आधार सुरू झाल्यावर तर वाटच अरुंद झाली: एकदा बोटांचे ठसे आणि बुबुळं नोंदवली की तीच बोटं दुसऱ्या नावानं पुन्हा चालत नाहीत. म्हणजे शेवटच्या भागात ती शेवटचीच नवी व्यक्ती होऊ शकते. याहून चांगला अडसर कुठला राक्षसही देणार नाही.

काळाच्या चुका बहुतेक स्वयंपाकघरात होतात. १७५० मध्ये ती चहा ठेवत नाही, काडेपेटी ओढत नाही. चकमक किंवा शेजारून आणलेला विस्तव. पैसे १ एप्रिल १९५७ पर्यंत आण्यांत, सोळा आण्यांचा रुपया. एसटी १९४८ पासून. तिची जुनी पत्रं मोडी लिपीत असणार, म्हणून ती आजच्या तरुण पात्राला सहज वाचता येता कामा नये.

जागा

सांगलीचा पूर लिहिणारे हमखास चुकतात. भिंतीसारखी लाट येते आणि सगळं वाहून जातं, असं तिथे होत नाही. पाणी आधी नाल्यांतून, गटारांतून मागे येतं, गल्लीत टाचेएवढं दिसतं, मग पायरी-पायरीनं चढतं आणि दिवसचे दिवस उभं राहतं. आयर्विन पुलाजवळ ४० फुटांना इशारा पातळी, ४५ ला धोका. ऑगस्ट २०१९ मध्ये पातळी ५७ फुटांपुढे गेली होती. म्हणून पुराचा प्रसंग तासांत मोजा: कुठली पायरी बुडाली, धान्य वर कधी नेलं, दिवे कधी गेले. नाव घ्यायचा दुसरा प्रसंग इथे असेल तर नायकाला वाहत्या धारेत नेणारं कारण हवं, उदाहरणार्थ नदीकडच्या सखल वाटेवर अडकलेलं माणूस. अचानकच हवं असेल तर ११ डिसेंबर १९६७ ची पहाट घ्या. कोयनेचा भूकंप साधारण चार वाजून वीस मिनिटांनी झाला, लोक झोपेत होते.

सांगलीजवळ हरिपूरला कृष्णा-वारणेचा संगम आहे आणि जमिनीखाली हळद साठवायची पेवं. तोंड अरुंद, पोट मोठं. नायिकेनं काही लपवायला ही जागा उत्तम, पण एक धोका माहीत असू द्या: बंद पेवातली हवा कोंदते, प्राणवायू कमी होतो आणि घाईनं उतरलेला माणूस गुदमरून मरतो. म्हणून पेव आधी उघडून ठेवतात, कंदील सोडून पाहतात; तो विझला की कुणी उतरत नाही. कंदील विझतो, नायक तरीही पुढे सरसावतो, ती त्याला मागे ओढून स्वतः उतरते. आत तिचा जीव जात नाही, पण गुदमरणं पूर्ण जाणवतं. दुसरा नियम इथे कामाला आला.

शक्तीचा उगम हवा असेल तर नदीकाठच्या, विहिरीवरच्या साती आसरा, म्हणजे पाण्याच्या सात देवता, पाहा. त्यांची आजही हळदकुंकू वाहून पूजा होते, तेव्हा त्यांना खलनायिका करू नका.

‘चेटकीण’ कोण म्हणतं

यात हयगय नको. आपल्याकडे हा शब्द गोष्टीतला नाही. त्यावरून बायकांना मारहाण झाली आहे, गावाबाहेर काढलं गेलं आहे. साताऱ्याच्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी ज्या जादूटोणाविरोधी कायद्यासाठी अनेक वर्षं झगडा केला, तो २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात त्यांचा खून झाल्यावर आधी अध्यादेश म्हणून आणि डिसेंबरमध्ये कायदा म्हणून आला. एखादी व्यक्ती करणी करते, भूत लावते असं पसरवून तिला छळणं हा त्याखाली गुन्हा आहे. तेव्हा कथेत हा शब्द निवेदकानं कौतुकानं वापरू नये. तो आरोप करणाऱ्याच्या तोंडी द्या, आणि आरोपामागे कारण द्या: विधवेच्या वाट्याची दहा गुंठे, मेलेली म्हैस, बांधाचं भांडण. असं केलं की खलपात्राला मंत्र लागत नाहीत, ते ओळखीचं आणि भीतिदायक होतं. नायिका स्वतःला काय म्हणते तेही ठरवा. ‘मला मरण नाही’ एवढंच म्हणणारी नायिका जास्त पटते.

साप चावला, ताप मेंदूत गेला, मूल होत नाही, यांवर मंत्राचा इलाज दाखवू नका. आजच्या भागांत ती त्याला दवाखान्यातच नेईल; तीनशे वर्षांत तिनं देवऋषीच्या ओट्यावर किती माणसं गेलेली पाहिली असतील.

शेवट

वाचकाला दोघं एकत्र हवी असतात. तो विश्वास मोडायचा नाही. तो अमर होतो, हा शेवट दुबळा, कारण सगळी किंमत एका वाक्यात माफ होते. ती मर्त्य होते, हा चालतो, पण त्याची तयारी पहिल्या भागापासून हवी. पुनर्जन्माचा शेवट वटपौर्णिमेच्या सात जन्मांमुळे मोहात पाडतो: तिला पुढचा जन्मच नाही, फक्त त्याला आहे. तो करायचा तर एक पथ्य पाळा. तिनं त्याला पाळण्यात पाहिलेलं, वाढवलेलं नसावं; तो प्रौढ, अनोळखी म्हणून भेटावा आणि आठवण नसताना त्यानं तिला निवडावं. नाहीतर प्रेमाऐवजी ताबा दिसतो.

आमच्या नियमांत सगळ्यात सरस शेवट हिशेबाचा. त्याचं मूळ आयुष्य ९५ धरा. तीनदा नाव, एकवीस वर्षं वजा, उरली ७४. सातव्या फुलोऱ्याला तो ६७ चा आहे. म्हणजे अजून सात वर्षं दोघांच्या हातात आहेत, आणि ती दोघांनाही माहीत आहेत. वाचकाला हे मोजता यावं म्हणून ९५ चा आकडा पहिल्या भागात कुणा म्हाताऱ्याच्या बोलण्यात येऊन जाऊ द्या.

ऑनलाइन क्रमशः टाकणार असाल तर एक भाग बाराशे ते पंधराशे शब्दांचा, एकूण चाळीसेक भाग, आणि पहिले दहा लिहून तयार असल्याशिवाय पहिला टाकू नका. सगळं झाल्यावर फाइलमध्ये नायकाचं नाव शोधा. तिच्या तोंडी ते तीनपेक्षा जास्त वेळा सापडणारच. लिहिताना हात सवयीनं जातो. प्रत्येक जागी ‘अहो’, ‘ऐकलंत का’ किंवा नुसता स्पर्श घाला. तिच्या मनातलं नाव मोजायचं की नाही हे नियमांच्या कागदावर लिहून ठेवलं नसेल, तर तेही याच वेळी ठरवा आणि सगळीकडे एकसारखं करा.