मत नको, प्रसंग विचारा : डिझाइन थिंकिंगच्या प्रकल्पात या चुका टाळा

विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठाने 2021 आणि 2022 च्या अभ्यासक्रमांत अभियांत्रिकीच्या पहिल्याच वर्षी ‘इनोव्हेशन अँड डिझाइन थिंकिंग’ हा विषय ठेवला. त्यामुळे बेळगाव, खानापूर, निपाणी, चिक्कोडी या पट्ट्यातल्या मुलांवर वही घेऊन लोकांच्या दारात जाण्याची वेळ लवकर येते. स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या डिझाइन संस्थेने रूढ केलेले पाच टप्पे, म्हणजे माणसे समजून घेणे, प्रश्न नेमका मांडणे, कल्पना सुचवणे, नमुना (प्रोटोटाइप) करणे आणि तो तपासणे, बहुतेकांना पाठ असतात. तरीही अनेक प्रकल्पांचा शेवट एकच असतो : नमुना सादर होतो, गुण मिळतात आणि ज्यांच्यासाठी तो केला ती माणसे त्याला हात लावत नाहीत. अशा वेळी विद्यार्थी नमुन्यात दोष शोधतात, रंग बदलतात, आणखी एक बटण वाढवतात. माझ्या मते दोष नव्वद टक्के वेळा मुलाखतीच्या वहीत सापडतो, म्हणून दुरुस्तीही तिथूनच सुरू करावी.

उत्तर ठरवून मग प्रश्न विचारणे

सर्वांत महाग पडणारी चूक ही आहे, आणि ती सर्वांत सभ्य दिसते. समजा, खानापूर तालुक्यातल्या खेड्यांतून पास काढून कॉलेजला येणाऱ्या मुलांचा प्रश्न एका गटाने निवडला. कर्नाटकात 11 जून 2023 पासून शक्ती योजनेखाली महिलांचा बसप्रवास मोफत झाला, त्यामुळे गर्दीचा विषय घरोघरी बोलला जातोच. गटाने बैठकीतच ठरवलेले असते की बस कुठे आहे हे दाखवणारे अॅप करायचे. मग थांब्यावर जाऊन विचारले जाते, ‘बस कुठे आहे हे मोबाईलवर कळले तर तुम्हाला उपयोग होईल का?’ सगळे हो म्हणतात. का म्हणणार नाहीत? मुले लांबून आली आहेत, चांगले काही करू पाहत आहेत, त्यांना नाही म्हणून कोण नाराज करील? अशा चाळीस होकारांचा वर्तुळालेख अहवालात छान दिसतो, पण त्यातून कळते इतकेच की आपल्याकडची माणसे भिडस्त आहेत.

त्याच थांब्यावरच्या एखाद्या मुलीला ‘काल कॉलेजला कशी पोहोचलीस, घरातून निघाल्यापासून सांग’ असे म्हटले, तर वेगळीच हकिकत निघू शकते. बस वेळेवर आली होती. ती आधीच्या गावात भरल्यामुळे थांबली नाही. मुलगी वडापने, म्हणजे खासगी जीपने आली, त्याचे भाडे गेले. संध्याकाळची सोयीची बस प्रॅक्टिकल सुटण्याच्या आत निघून जाते, म्हणून आठवड्यातून दोनदा ती प्रॅक्टिकल अर्धे सोडते. आता अॅपने काय होणार? न थांबणारी बस नेमकी कुठे आहे, एवढेच ते दाखवील. खरा प्रश्न कदाचित प्रॅक्टिकलच्या वेळापत्रकात असेल, कदाचित कोणत्या थांब्यावर किती जण मागे राहतात याची नोंद आगारापर्यंत न पोहोचण्यात असेल.

म्हणून मुलाखतीत मत विचारू नये, घडलेला प्रसंग विचारावा. ‘तुम्ही वापराल का’, ‘तुम्हाला काय हवे आहे’, ‘असे झाले तर आवडेल का’ हे प्रश्न यादीतून काढून टाकावेत. ‘शेवटचे कधी असे झाले’, ‘तेव्हा तुम्ही काय केले’, ‘मदतीला कोणाकडे गेलात’, ‘त्यात पैसे आणि वेळ किती गेला’, ‘त्याआधी दुसरे काही करून पाहिले होते का’ हे प्रश्न ठेवावेत. उत्तर संपल्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नये. चार-पाच सेकंद गप्प राहिले की बहुधा कामाचे वाक्य त्या रिकाम्या जागेत येते. बेळगाव शहरात ‘पाणी पुरते का’ असे विचारले तर ‘पुरतंय की’ एवढेच ऐकायला मिळेल. ‘मागच्या वेळी नळाला पाणी आले तेव्हा घरात कोण होते’ असे विचारले, तर पाण्यासाठी कामाचा खाडा कोणी केला, मोटर कोणाकडे आहे आणि पिंपे कुठे ठेवलेली असतात हे सगळे बाहेर येते. शिवाय या शहराच्या काही वॉर्डांत 2008 च्या सुमारास चोवीस तास पाण्याचा पथदर्शी प्रकल्प सुरू झाला होता, त्यामुळे एकाच भागात फिरून ‘बेळगावचा पाणीप्रश्न’ असा मथळा देणे चुकीचे ठरेल.

वही दिसली की लोक गप्प का होतात

सीमाभागात ही अडचण विशेष आहे आणि पाठ्यपुस्तकात तिचा उल्लेख सापडणार नाही. येथे भाषेबद्दल विचारणारा माणूस कोणाचा, ही शंका पिढ्यान् पिढ्यांची आहे. जमिनीबद्दल विचारणारा कशासाठी आला, ही शंका हलगा-मच्छे बायपाससारख्या भूसंपादनाच्या वादांनंतर आणखी गडद झाली आहे. अशा गावात ‘तुमची मातृभाषा कोणती’ आणि ‘शेती किती’ या दोन प्रश्नांनी सुरुवात केली, तर पुढची सगळी उत्तरे तोलूनमापून दिलेली असणार. मातृभाषेची प्रकल्पाला खरोखर गरज नसेल तर तो प्रश्न विचारूच नये. आपली ओळख सरळ शब्दांत आधी सांगावी : ‘काकू, आम्ही कॉलेजची मुले आहोत, शिकायला म्हणून आलो आहोत. ही सरकारी पाहणी नाही आणि यातून कुठली योजनाही मिळणार नाही. आधार किंवा उताऱ्याबद्दल काही विचारणार नाही. नको वाटले तर मध्येच थांबवा.’ योजना मिळणार नाही हे सांगितले की काही जण उठून जातील, ते जाऊ द्यावे. खोट्या आशेवर थांबलेल्या माणसाची मुलाखत कामाची नसते.

समोरची व्यक्ती कन्नड बोलणारी असेल तर कन्नड चांगले येणाऱ्या सहकाऱ्यानेच संपूर्ण मुलाखत घ्यावी. बरेच गट प्रश्न मराठीत ठेवून एकाला दुभाषा करतात. मग आजी पाच मिनिटे बोलतात आणि दुभाषा सांगतो, ‘त्यांना त्रास होतो म्हणे.’ त्या पाच मिनिटांतच सगळा माल होता. मोबाईलवर ध्वनिमुद्रण करायचे असल्यास आधी विचारावे आणि नकार आला तर यंत्र खिशात ठेवून द्यावे.

कट्ट्यावरची माणसे म्हणजे गाव नव्हे

ग्रामपंचायतीचे अध्यक्ष, किराणा दुकानदार आणि पारावर बसलेले चार काका हे सहज भेटतात, म्हणून त्यांच्याच मुलाखती होतात. निपाणी परिसरात विडी वळणाऱ्या महिलांशी बोलायचे असेल तर त्यांची मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने ठरते हे आधी लक्षात घ्यावे; त्यांना अर्धा तास हात थांबवायला लावणे म्हणजे त्यांच्या मजुरीतून आपला प्रकल्प चालवणे होय. काम चालू असतानाच शेजारी बसावे आणि कमी विचारावे. हात कसे चालतात, पाने कुठे ठेवली आहेत, उजेड कुठून येतो हे पाहणेही मुलाखतीचाच भाग आहे. त्याचप्रमाणे भातलावणीच्या किंवा ऊसतोडीच्या ऐन दिवसांत शेतकऱ्याची वेळ मागू नये.

किती मुलाखती पुरेशा, या प्रश्नावर ‘पाच जण’ असे उत्तर हमखास ऐकू येते. हा आकडा वापरसुलभतेचे तज्ज्ञ याकोब नील्सन यांनी 2000 साली लोकप्रिय केला, पण तो तयार वस्तू वापरताना येणाऱ्या अडचणी शोधण्याबाबत होता. समाजाचा प्रश्न समजून घेण्यासाठी तो लावणे हा निव्वळ गैरसमज आहे. मुलाखतींच्या संख्येपेक्षा माणसांतला फरक महत्त्वाचा असतो. ज्याला प्रश्नाची सर्वाधिक झळ बसते तो, ज्याने कंटाळून प्रयत्न सोडला तो आणि ज्याने घरच्या घरी काही जुगाड करून मार्ग काढला तो, अशी तीन तऱ्हेची माणसे शोधावीत. ऐकलेल्या गोष्टी पुन्हा पुन्हा तशाच येऊ लागल्या की थांबावे.

प्रश्न मांडताना होणारा घोटाळा

वहीचे पान मधोमध दुमडावे. डावीकडे माणसाचे शब्द जसेच्या तसे आणि उजवीकडे आपला अंदाज लिहावा. दोघांनी जावे, एकाने बोलावे आणि दुसऱ्याने लिहावे, आणि त्याच संध्याकाळी दोघांनी मिळून वही वाचावी. हे न केल्यास दोन दिवसांनी ‘लोकांमध्ये जागृती नाही’ असे एक वाक्य उरते, जे कोणीच उच्चारलेले नसते.

प्रश्नाचे वाक्य लिहिताना त्यात उत्तर लपले आहे का, हे तपासावे. ‘विद्यार्थ्यांना बस दाखवणाऱ्या अॅपची गरज आहे’ हा प्रश्न नव्हेच. दुसरा घोटाळा टोयोटाच्या कारखान्यातून आलेल्या ‘पाच वेळा का’ या पद्धतीचा होतो. बेळगावच्या बळ्ळारी नाल्याचे उदाहरण घ्या. पावसाळ्यात त्याचे पाणी शहापूर, वडगाव, येळ्ळूरच्या शिवारात भातपिकात शिरते. का? नाला तुंबतो. का? गाळ आणि जलपर्णी. का? सफाई होत नाही. का? प्रशासनाचे दुर्लक्ष. इथे शिडी संपते, आणि गट एक निवेदन व एक भित्तिपत्रक घेऊन परत येतो. कारण खोटे नाही, पण चार विद्यार्थ्यांना एका सत्रात त्यावर करण्याजोगे काही उरत नाही. अशा वेळी दोन पायऱ्या खाली उतरून पुन्हा प्रसंग विचारावेत : मागच्या वर्षी पाणी कोणत्या बांधावरून आधी आले, किती दिवस साचले, काय कुजले, मग काय केले? ‘रोपे कुजली, दुबार लावणीसाठी रोपे शोधत तीन गावे फिरलो आणि नंतर कळले की शेजारच्याच शिवारात शिल्लक होती’ असे कोणी सांगितले, तर हाताला येण्याजोगा प्रश्न सापडला : पूर ओसरल्यावर कोणाकडे रोपे शिल्लक आहेत हे गरजूला वेळेत कळत नाही. नाल्याचा मोठा प्रश्न यातून सुटत नाही, आणि तसा दावाही अहवालात करू नये.

नमुना आणि तपासणी

रोपांच्या या प्रश्नासाठी अॅप नको. दूध डेअरीवर सकाळ-संध्याकाळ गाव येतेच. तिथे एक फळा, खडू आणि ‘कोणाकडे, कोणत्या जातीची, किती वाफे’ असे तीन रकाने एवढा नमुना पुरेसा आहे. देखणा नमुना नेला तर लोक त्याचे कौतुक करतात, कच्चा नेला तर त्यात चुका काढतात, आणि आपल्याला चुकाच हव्या असतात.

तपासताना समजावून सांगण्याचा मोह आवरावा. फळा लावावा, बाजूला उभे राहावे आणि पाहावे. लिहायला कोणी पुढे येत नाही का? वाचता न येणारे डेअरीच्या माणसालाच विचारतात का? मग कदाचित खरा नमुना तो माणूस आहे आणि त्याच्या हाती एक छोटी वही दिली की काम भागेल. ‘कसे वाटले?’ हा प्रश्न इथेही विचारू नये. ‘फळा पाहून कोणाकडे गेलात, मग काय झाले’ हे विचारावे.

हे सगळे मागेपुढे होत राहते. तपासणीनंतर पुन्हा मुलाखतीला जावे लागले तर प्रकल्प बिघडला असे समजू नये. गुणांच्या भीतीने अनेक गट अहवालात पाच टप्पे सरळ रेषेत बसवतात आणि फसलेली पहिली कल्पना गाळून टाकतात. त्याऐवजी सोडून दिलेले प्रत्येक गृहीतक, ते सोडायला लावणारे वहीतले वाक्य आणि त्या वाक्यानंतर बदललेला प्रश्न, अशा तीन गोष्टी शेजारी शेजारी मांडाव्यात. परीक्षकाने ‘मग हे पहिले का सोडले’ असे विचारले की उत्तर तिथेच असते. अहवाल दाखल झाल्यावर ज्यांनी वेळ दिला त्यांच्याकडे एकदा जाऊन काय कळले आणि काय जमले नाही ते तोंडी सांगावे, त्यांचे फोटो विचारल्याशिवाय कुठे टाकू नयेत, आणि फळा पुढे कोण पुसणार हे डेअरीवाल्याशी बोलून ठरवावे. कोणीच तयार नसेल तर तो काढून आणावा.