छापील जाहिराती बघताना या चुका टाळा (मी सगळ्या करून झाल्यात)

मला छापील जाहिरातींची कात्रणं जमवायचा नाद आहे, घरचे रद्दीत टाकतात, मी परत काढून आणतो. पण बरीच वर्षं मी त्या चुकीच्याच पद्धतीने बघत होतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे पान उघडल्या उघडल्या "भारी" नाहीतर "बकवास" म्हणून मोकळं होणं. थांबा जरा. आधी स्वतःची नजर पकडा, पहिल्यांदा कुठे पडली, तिथून कुठे सरकली. घड्याळाच्या जाहिराती काढून बघा, काटे बहुतेक वेळा १० वाजून १० मिनिटांच्या आसपास असतात, कारण तेव्हा ते दोन हात वर केल्यासारखे दिसतात आणि मधोमध कंपनीचं नाव मोकळं राहतं. एकदा हे कळलं ना की मग डोळा शांत बसत नाही.

दुसरी चूक, रिकामी जागा दिसली की "एवढं पान वाया घालवलं" म्हणणं. मीपण म्हणायचो. मग फोक्सवॅगनची १९५९ ची 'थिंक स्मॉल' नीट बघितली. पानभर फिकट मोकळी जागा, वर डावीकडे बारकीशी गाडी, जराशी तिरकी, खाली मजकुराचे तीन कॉलम, बस्स. गाडी छोटी आहे हे सांगायला डिझायनर हेल्मुट क्रोनने ती खरंच छोटी करून ठेवली, तेही लांबलचक चकचकीत गाड्यांची चलती असताना. ती रिकामी जागा काढून टाका, विनोदच मरतो. आता मी अंगठ्याने एकेक गोष्ट झाकून बघतो. झाकल्यावर काहीच अडलं नाही तर ती भरती होती. ल्युसियन बर्नहार्ड या जर्मन डिझायनरच्या काडेपेटीच्या पोस्टरची गोष्ट सांगतात ना, आधी सिगार होता, टेबल होतं, काय काय होतं, खोडत खोडत शेवटी दोन काड्या आणि 'प्रीस्टर' एवढं कंपनीचं नाव उरलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं काम आहे, अजून शिळं वाटत नाही.

पुढची चूक जरा लाजिरवाणी आहे. एका जाहिरातीत काळ्यावर पांढरी बारीक अक्षरं होती, कडांना गुलाबी-निळी झालर, वाचताच येईना. मी डिझायनरला मनसोक्त शिव्या घातल्या. नंतर तीच जाहिरात एका मासिकाच्या गुळगुळीत कागदावर दिसली, एकदम कडक! गडबड छपाईची होती. चार शाया (निळी, गुलाबी, पिवळी, काळी) एकावर एक छापतात, एखादी केसभर सरकली तरी कड फाटते, त्यात पेपरचा कागद शाई पिऊन छपाईचे बारीक ठिपके फुगवतो. म्हणून साधं भिंग जवळ ठेवा. एखाद्या रंगाची कड सगळीकडे एकाच बाजूला सरकलीय, तर दोष मशीनवर. कडा नीट आहेत आणि तरी वाचता येत नाही, मग डिझायनरला खुशाल बोला. (अर्थात पेपरसाठी काळ्यावर इतकी बारीक अक्षरं घेणं हा थोडा त्याचाही गाढवपणाच.)

फोनवर फोटो बघून मत बनवू नका, हे वेगळं सांगायला नको. रस्त्यावरचं पोस्टर लांबून वाचायला असतं आणि पेपरातली जाहिरात हातभर अंतरावरून, स्क्रीनवर दोन्ही सारखीच होतात.

आणि प्लीज, प्रत्येक ठिकाणी गुप्त अर्थ शोधत बसू नका. फेडेक्स या कुरियर कंपनीच्या लोगोत ई आणि एक्सच्या मध्ये बाण आहे, तो १९९४ मध्ये डिझायनर लिंडन लीडरने जाणूनबुजून ठेवलाय. पण म्हणून प्रत्येक साबणाच्या फेसात चेहरा नसतो हो.

एवढं करूनही एखाद्या जाहिरातीत काहीच दिसत नसेल तर ती उलटी धरा आणि डोळे किलकिले करा. अक्षरं वाचता येत नाहीत म्हणून मेंदू गप्प बसतो आणि नुसते गडद-फिकट आकार उरतात, मग वजन कुठल्या बाजूला आहे ते लगेच कळतं. तरीही नाहीच दिसलं, तर कापायचं कूपन कुठे ठेवलंय ते बघा. पानाच्या बाहेरच्या कोपऱ्यात असेल तर दोनदा कात्री चालवली की काम झालं, म्हणजे कुणीतरी तुमच्या हाताचा विचार केलाय. मधल्या घडीकडे असेल तर नाही केलेला.