या चुका टाळा: पावसाळ्यात हिरवी मिरची सडते ती ओलीने

चवथीच्या आधी कणकवलीच्या बाजारातून अर्धा किलो मिरची आणली, स्वच्छ धुतली आणि स्टीलच्या डब्यात घट्ट झाकून फ्रीजमध्ये ठेवली. चौथ्या दिवशी उसळीसाठी डबा उघडला, तर झाकणाला आतून पाण्याचे थेंब आणि तळाच्या मिरच्या बोटाला बुळबुळीत. घरात पाहुणे, बाजार लांब. तेव्हापासून मिरची घरात आली की मी आधी तिची ओल बघते.

घाटावर टोपलीत ठेवलेली मिरची सुकून सुरकुतते. आपल्याकडे कोकणात जून ते सप्टेंबर हवाच एवढी दमट की तीच मिरची कुजते. शिवाय पावसाळ्यात आपल्या बाजारातली बरीचशी मिरची कोल्हापूर-बेळगावकडून घाट उतरून येते. पोत्यात दाबलेली, कधी वाटेत भिजलेली. म्हणून चूक बहुतेक वेळा घेतानाच होते.

आपण चकाकी बघून घेतो, आणि चकाकी पाणी शिंपडूनही येते. बघायचा तो देठ. हिरवा, ताठ देठ म्हणजे मिरची नुकती तोडलेली. काळपट, मऊ पडलेला म्हणजे ती जुनी. मग देठाची टोपी जिथे मिरचीला टेकते तिथे अंगठ्याने हलकेच दाबा. कूज बहुतेक तिथूनच सुरू होते. बाकी मिरची कडक असली तरी त्या जागी करडं, पाणचट वर्तुळ दिसलं तर ती घेऊ नका. ताजी मिरची वाकवली की कट्कन मोडते.

उलट चूकही होते, चांगली मिरची फेकून देण्याची. सुरकुतलेल्या मिरचीतलं फक्त पाणी कमी झालेलं असतं, ठेच्याला ती उत्तम. लाल झालेली तर नुसती पिकलेली. बिया तपकिरी दिसल्या म्हणूनही लगेच टाकू नका. मिरचीला साधारण 7 ते 10 अंश तापमान मानवतं आणि घरचा फ्रीज 4 अंशांच्या आसपास असतो. जास्त दिवस त्या थंडीत राहिली की सालीवर खड्डे पडतात, बिया काळवंडतात. गर कडक आणि वास चांगला असेल तर त्याच दिवशी वापरून टाका. मात्र चिरल्यावर आत कापसासारखी बुरशी दिसली, तर तेवढा भाग कापून उरलेली वापरायची नाही, अख्खी मिरची टाकायची. ही बुरशी बाहेरून दिसत नाही, म्हणून फोडणीतही मिरची अख्खी न टाकता उभी चिरून टाकावी.

ठेवताना धुऊ नका, धुवायची ती वापरताना. धुतलीच असेल तर सुती कापडावर एकेक सुटी पसरा आणि पंख्याखाली टोपीखालची ओल जाईपर्यंत राहू द्या. देठ काढावा की ठेवावा यावर घरोघरी मतं वेगळी. मी काढते, कारण पावसाळ्यात ओल त्याच टोपीखाली लपते. पण ओढून तोडलं तर गर फाटतो आणि जखमेतून कूज शिरते. हलकेच पिळून काढा, आणि फाटलेली मिरची त्या दिवशीच्या वाटणाला घ्या. मग डब्यात तळाशी आणि वर जुन्या धुवट पंचाचा तुकडा घालून झाकण किंचित सैल ठेवा. वर्तमानपत्र नको, त्याची शाई अन्नाला लागते. दर दोन-तीन दिवसांनी कापड बदला आणि एखादी मऊ पडलेली दिसली तर लगेच बाहेर काढा, नाहीतर शेजारच्याही जातात. डबा फ्रीजच्या दाराजवळ ठेवा, पिकलेल्या केळ्यांपासून लांब. एवढं केलं की माझ्याकडे मिरची दोन आठवडे सहज निघते.

आपल्याकडची खरी अडचण विजेची. वादळी पावसात आठ-दहा तास वीज गेली की फ्रीज आतून घामेजतो आणि डब्यातलं कापड ओलं होतं. वीज आली म्हणून निश्चिंत होऊ नका, आधी कापड बदला.

जास्तीची मिरची कोरडी करून अख्खीच फ्रीझरमध्ये ठेवा. वितळली की ती लिबलिबीत होते, म्हणून बाहेर काढल्या काढल्या, कडक असतानाच चिरा. तिखटपणा कायम राहतो. कोशिंबिरीत कच्ची घालायला ती चांगली लागत नाही, पण फोडणीला आणि वाटणाला चालते. चिरताना हात झोंबले तर नुसत्या पाण्याने भागत नाही. मिरचीचा तिखट अंश तेलात विरघळतो, तेव्हा आधी खोबरेल चोळा, मग साबणाने हात धुवा.